एका भांड्यांत दोन कारागीर



ऊंसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे लोणी देवकर, भिगवण, इंदापूर या बाजूंनीं शाळेस येणाऱ्या तुमच्यापैकीं पुष्कळांस पुणें-सोलापूर रस्त्यावर ऊंसानें भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागून रखडत यावें लागतें. ऊंसापासून साखर होते हें लहान मुलासहि ठाऊक आहे. परंतु साखर काढून घेतल्यावर जी काळी, दाट, चिकट मळी मागें राहते, तिचें पुढें काय होतें असें आम्हीं वर्गांत विचारलें कीं, ‘दारू होते’ एवढेंच उत्तर मिळतें आणि वर्गांत हंशा पिकतो. उत्तर खोटें नाहीं. पण तें फार अपुरें आहे. मळीपासून निघालेल्या अल्कोहोलावर आज मोटारी धांवतात, त्यापासून औषधांच्या कारखान्यांस लागणारीं द्रव्यें होतात, आणि विमानाच्या इंधनापर्यंत त्याची मजल गेली आहे.

हें सर्व काम दोन कारागीर मिळून करतात. एक सजीव आहे व दुसरा निर्जीव. पहिला म्हणजे डोळ्यांस न दिसणारा सूक्ष्म जंतु. दुसरा म्हणजे रसायनशास्त्रज्ञानें योजलेली क्रिया. या दोघांची गांठ कशी पडली, त्यांचें कोठें जमतें व कोठें जमत नाहीं, आणि दोघांस एकाच भांड्यांत एकाच वेळीं कामास लावण्याची जी विद्या आज वाढत आहे तिचें मर्म काय, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम सजीव कारागिराची ओळख करून घेऊं. मळीचा निम्म्याच्या आसपास भाग साखरच असतो. परंतु ती साखर क्षारांत व इतर द्रव्यांत अशी गुंतलेली असते कीं तिचे दाणे पाडणें परवडत नाहीं. अशी मळी पाण्यानें पातळ करून तींत यीस्ट सोडलें म्हणजे तें साखर खाऊं लागतें, द्रव फसफसूं लागतो आणि त्यांत अल्कोहोल जमूं लागतें. वरून पाहणाऱ्यास ही एकच क्रिया वाटते. वस्तुतः ती दहाबारा पायऱ्यांची उतरंड आहे. प्रत्येक पायरीवर एन्झाइम नांवाचा एक स्वतंत्र कामकरी बसलेला असतो. तो वरून आलेला माल घेतो, त्यांत आपल्यापुरता एक बदल करतो आणि खालच्या पायरीवर देतो. अन्न मोडून शक्ति मिळविण्याच्या आणि त्याच मालांतून स्वतःचें शरीर बांधण्याच्या या सर्व व्यवहारास चयापचय म्हणतात. यीस्टला अल्कोहोल करावयाचें नसतें. त्याला जगावयाचें असतें. अल्कोहोल हें त्याच्या जगण्यांतून उरलेलें द्रव्य आहे. घरीं विरजण लावल्यावर दह्यांतील जंतु दुधांतल्या साखरेचें आंबट ॲसिड करतात, तेंहि असेंच.

हिशेब पाहा. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलें तर ९२ ग्रॅम अल्कोहोल व ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायु मिळावयास पाहिजे. दोहोंची बेरीज पुन्हां १८०. कारखान्यांत एक टन ऊंसामागें सुमारें ४० ते ४५ किलो मळी निघते आणि एक टन मळीपासून सुमारें २२० ते २५० लिटर अल्कोहोल मिळतें. एवढें काम करणाऱ्या कामकऱ्यास भट्टीची आंच लागत नाहीं. कोमट पाणी व पोटापुरती साखर मिळाली कीं तो राबतो.

आतां दुसरा कारागीर. पूर्वीं विद्वानांची अशी समजूत होती कीं, सजीवांच्या शरीरांत होणारीं द्रव्यें मनुष्यास प्रयोगशाळेंत करतां येणारच नाहींत. १८२८ सालीं वोलर या जर्मन शास्त्रज्ञानें अमोनियम सायनेट या क्षारापासून युरिया तयार केला, आणि या समजुतीस पहिला मोठा तडा गेला. जो युरिया आज आपले शेतकरी पोत्यांनीं विकत आणतात, त्याच्या जन्माची ही कथा आहे. पुढें १८५७ मध्यें पाश्चर यांनीं असें प्रतिपादिलें कीं आंबणें हें जिवंत जंतूंचें कार्य आहे; आणि १८९७ मध्यें बुख्नर यांनीं यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या, जिवंत पेशी नसलेल्या रसानेंहि साखर आंबते असें दाखविलें. म्हणजे जंतूच्या पोटांतील कामहि शेवटीं रसायनच आहे, आणि प्रयोगशाळेंतील रसायनास सजीवाचा माल परका नाहीं. दोन घरांमधील भिंत अशी दोन्ही बाजूंनीं पडली.

भिंत पडली तरी बहुतेक ठिकाणीं दोन्ही कारागीर आळीपाळीनेंच काम करतात. पहिल्यानें आपलें काम संपवावें, माल गाळून व शुद्ध करून बाहेर द्यावा, आणि मग दुसऱ्यानें हात घालावा, ही रीत. आपल्याच भागांतील उदाहरण घेऊं. बारामती तालुक्यांत नीरा स्टेशनाजवळ निंबुत येथें ज्युबिलंट कंपनीचा रसायनांचा कारखाना आहे. तेथें एथिल ॲसिटेट, ॲसेटिक अनहायड्राइड अशीं द्रव्यें तयार होतात. या कुळांतील द्रव्यें अल्कोहोलापासून करतां येतात: यीस्टनें केलेलें अल्कोहोल घ्यावें, हवेंतील ऑक्सिजनच्या योगानें त्याचें ॲसिटाल्डिहाइड व मग ॲसेटिक ॲसिड करावें, आणि त्यापासून अनहायड्राइड. ताप आल्यावर तुमची आई तुम्हांस पॅरासिटामॉलची जी गोळी देते, तिच्या शेवटच्या पायरीस हेंच ॲसेटिक अनहायड्राइड वापरतात. तसेंच १९ मे २०२३ रोजीं पुण्याहून दिल्लीस गेलेल्या एका प्रवासी विमानांत जें मिश्र इंधन होतें, त्याचा थोडा भाग मळीपासून सुरुवात करून बनविलेला होता. तें काम पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज या कंपनीनें केलें. जंतूनें अल्कोहोल द्यावें आणि उत्प्रेरकांनीं त्याचे लहान रेणु जोडून मोठे करावे, अशी ही वांटणी आहे.

आळीपाळीच्या या कामास खर्च फार येतो. अल्कोहोल पाण्यापासून वेगळें करावयाचें म्हणजे उकळावें लागतें, आणि उकळण्यास जळण लागतें. म्हणून सहजच असा विचार येतो कीं, जंतु काम करीत असतांनाच, त्याच भांड्यांत, रसायनशास्त्रज्ञानें आपला हात घातला तर?

हा विचार वाटतो तितका नवा नाहीं. पहिल्या महायुद्धांत जर्मनीस ग्लिसरीनची टंचाई पडली. ग्लिसरीन चरबीपासून निघतें आणि चरबी तर खाण्यासहि पुरत नव्हती. तेव्हां आंबणाऱ्या साखरेंत सोडियम सल्फाइट नांवाचा क्षार घालण्याची युक्ति निघाली. तिच्या मागचें शास्त्र कार्ल नॉइबर्ग यांच्या संशोधनानें स्पष्ट झालें. यीस्टच्या शेवटच्या पायरीवर ॲसिटाल्डिहाइड असतें. त्यास हायड्रोजन देऊन यीस्ट त्याचें अल्कोहोल करतें. सल्फाइटनें हें ॲसिटाल्डिहाइड धरून ठेविलें. आतां हायड्रोजन द्यावयाचा कोणास? यीस्टनें तो वरच्या पायरीवरील दुसऱ्या द्रव्यास दिला, आणि त्याचें ग्लिसरीन झालें. तुमच्यापैकीं ज्यांनीं नीरा कालव्याच्या पाण्यावर वडिलांबरोबर दारें धरलीं आहेत त्यांस हें तत्काळ कळेल. एक दार मातीनें बुजविलें म्हणजे पाणी थांबत नाहीं. तें दुसऱ्या सरींत वळतें. रसायनशास्त्रज्ञानें येथें यीस्टला जबरदस्ती केली नाहीं. त्यानें एक दार बुजविलें, इतकेंच. मात्र तें ग्लिसरीन स्फोटक द्रव्यांकरितां हवें होतें, हेंहि लक्षांत ठेवावें.

याहून मोठा चमत्कार १९२१ मध्यें दिसला. नॉइबर्ग व हिर्श यांनीं आंबणाऱ्या यीस्टमध्यें बेंझाल्डिहाइड घातलें. कडू बदामास जो वास येतो तो या द्रव्याचा. पण कारखान्यांत तें टोल्युइनपासून कृत्रिम रीतीनें करतात. यीस्टला त्याच्या सर्व आयुष्यांत असें अन्न कोणी दिलेलें नव्हतें. तरी त्याच्या एका एन्झाइमानें स्वतःच्या पोटांतला साखरेचा तुकडा या परक्या रेणूस जोडून दिला. अशा रीतीनें जें नवें द्रव्य झालें, त्यावर मेथिल-अमीन व हायड्रोजन यांची क्रिया केली म्हणजे एफेड्रिन मिळतें. दम्यावर पुष्कळ वर्षें दिलें गेलेलें, आणि शस्त्रक्रियेच्या वेळीं रक्तदाब फार उतरला तर आजहि टोंचण्यांत येणारें हें औषध. तें प्रथम एफेड्रा नांवाच्या वनस्पतीपासून काढीत. १८८५ मध्यें जपानच्या नागाई यांनीं तें वेगळें केलें. नंतर यीस्टच्या मार्गानें तें कारखान्यांत होऊं लागलें, आणि भारतांतहि हा मार्ग वापरला गेला आहे.

येथें कोणी विचारील, रसायनशास्त्रज्ञास हा सांधा स्वतः जुळवितां आला नसता काय? आला असता, पण अर्धा माल वायां गेला असता. कांहीं रेणु उजव्या व डाव्या पायांतील वहाणांसारखे असतात; घडण तीच, पण एक दुसऱ्याच्या जागीं बसत नाहीं. साध्या रासायनिक क्रियेंत दोन्ही प्रकार सारखेच उत्पन्न होतात. यीस्टचें एन्झाइम हा एकाच पायाचा सांचा असल्यामुळें तें एकच प्रकार करून देतें. सजीव कारागिराची खरी मातबरी ही आहे. उलट, मेथिल-अमीन जोडून देणें यीस्टला येत नाहीं. तें रसायनशास्त्रज्ञाचें काम.

आमच्या जिल्ह्यांतच या सहकार्याचें एक थोर उदाहरण घडलें. पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व भारतांत पेनिसिलिन तयार होऊं लागलें. पेनिसिलिन करणारी बुरशी आपल्या मनाप्रमाणें निरनिराळ्या जातींचें पेनिसिलिन करते. परंतु तिच्या अन्नांत फिनाइल-ॲसेटिक ॲसिड हें कृत्रिम द्रव्य बेताबेतानें सोडीत गेलें, तर ती तेंच उचलून पेनिसिलिनच्या रेणूस शेपटासारखें जोडते आणि हव्या त्या एकाच जातीचें पेनिसिलिन देते. पुढें १९५० नंतरच्या दशकांत इंग्लंडमध्यें या रेणूचें शेपूट काढलेला गाभा हातीं आला, आणि त्यास नवीं शेपटें जोडून १९६१ मध्यें ॲम्पिसिलिन व त्यानंतर इतर औषधें निघालीं. शेपूट तोडण्याची रासायनिक रीत शून्याखालीं सुमारें ४० अंशांच्या थंडींत व उग्र द्रव्यांच्या साह्यानें करावी लागे; तेंच काम जंतूंपासून मिळणारें पेनिसिलिन ॲसिलेज हें एन्झाइम साध्या कोमट पाण्यांत करतें. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत या एन्झाइमावर बरेंच संशोधन झालें आहे. कृत्रिम शेपूट बुरशीनें जोडावें, जंतूच्या एन्झाइमानें तें काढावें आणि रसायनशास्त्रज्ञानें नवें लावावें, अशी ही देवघेव आहे.

मग सर्वच कामें एका भांड्यांत कां करीत नाहींत? कारण दोघांच्या संवयी जुळत नाहींत. रसायनशास्त्रज्ञास तीव्र ॲसिड, उकळतें तापमान, पाण्याचा थेंबहि नसलेली भांडीं आणि जड धातूंचे उत्प्रेरक लागतात. जंतूस पाणी लागतें, साधारण ३० ते ३७ अंशांची ऊब लागते, आणि विष थोडेंहि चालत नाहीं. बेंझाल्डिहाइडदेखील यीस्टला विषारीच आहे. म्हणून तें एकदम न ओततां थोडें थोडें सोडावें लागतें, आणि तरीहि यीस्ट त्यांतील कांहीं भाग बेंझिल अल्कोहोलांत पालटून टाकतें.

हें तुम्हांस घरींच पाहतां येईल. तीन सारख्या बाटल्या घ्या. प्रत्येकींत पेलाभर पाणी, दोन चमचे किसलेला गूळ व अर्धा चमचा बेकरींत मिळणारें यीस्ट घाला. पहिलींत पाणी कोमट असूं द्या. दुसरीचें पाणी उकळतें घेऊन त्यांत यीस्ट टाका. ही बाटली पोलादी असावी व हें काम वडील माणसानें करावें. तिसरींत पाणी कोमटच, परंतु चार चमचे मीठ अधिक घाला. तोंडांवर रबरी फुगे चढवा. बूच मात्र बसवूं नका, नाहींतर वायूच्या दाबानें बाटली फुटेल. तासाभरानें पहिल्या बाटलीवरील फुगा उभा राहिलेला दिसेल. दुसरा लोळत पडेल. तिसरा जेमतेम हलेल किंवा हलणारहि नाहीं. गूळ तिन्हींत तेवढाच होता. फरक कारागिरास दिलेल्या वागणुकीचा होता.

या प्रयोगांतील धडा हाच नव्या विद्येचा पाया आहे. जंतूस रसायनशास्त्राच्या संवयी लावण्याऐवजीं, जंतूस सोसेल अशी रासायनिक क्रिया शोधून काढावी, असें कांहीं शास्त्रज्ञांनीं ठरविलें. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत एमिली बाल्स्कस यांच्या प्रयोगशाळेनें २०१४ मध्यें असें दाखविलें कीं, एश्चेरिशिया कोलाय या जंतूकडून हायड्रोजन वायु करवून घेतां येतो, आणि त्याच भांड्यांत पॅलेडियम धातूचा उत्प्रेरक ठेवून तो हायड्रोजन दुसऱ्या रेणूस जोडतां येतो. हायड्रोजनची टाकी नको, दाबाचें यंत्र नको.

२०२५ सालीं स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठांत स्टीफन वॉलेस व त्यांचे सहकारी यांनीं एक पाऊल पुढें टाकलें. पाण्याच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या असतात त्या पेट प्लास्टिकपासून मिळणाऱ्या द्रव्यास त्यांनीं आधीं रासायनिक रीतीनें योग्य रूप दिलें. त्यावर लॉसेन यांनीं १८७२ मध्यें वर्णिलेली एक जुनी क्रिया घडवावयाची होती. एरवीं तिला कडक परिस्थिति लागते; पण जिवंत जंतूंच्या भांड्यांत ती जंतूस इजा न होतां घडली, आणि जंतूस जो फॉस्फेट नेहमींच लागतो तोच तिचा उत्प्रेरक ठरला. या क्रियेनें जें द्रव्य झालें तें जंतूनें आपल्या चयापचयांत घेतलें. अळिंबीचा एक जनुक व दुसऱ्या एका जंतूचा एक जनुक त्यांत आधींच बसविलेला होता. त्यांच्या बळावर त्यानें पुढील पायऱ्या चढून पॅरासिटामॉल केलें. २४ तासांच्या आंत, साधारण खोलीच्या तापमानाजवळ, सुमारें ९० टक्के माल औषधांत पालटला. वर निंबुतच्या वर्णनांत जें काम ॲसेटिक अनहायड्राइडचें म्हणून सांगितलें, तेंच येथें जंतूनें स्वतःच्या पोटांतील ॲसिटिल गट देऊन केलें. काम तेंच, कारागीर बदलला.

परंतु येथें तुम्हांस सावध करणें आमचें कर्तव्य आहे. ‘जंतु प्लास्टिक खाऊन औषध देतो’ असें कोणी छापलें तर तें अर्धें सत्य समजावें. जंतूनें बाटली खाल्ली नाहीं. बाटलीचें प्लास्टिक आधीं मनुष्यानें मोडून दिलें. शिवाय हें यश प्रयोगशाळेच्या भांड्यांतलें आहे. तें कारखान्याच्या टाकींत उतरेपर्यंत खर्च, शुद्धता व सुरक्षितता यांच्या परीक्षा व्हावयाच्या आहेत. तसेंच सजीव कारागीर आला म्हणजे घाण संपली, असेंहि नव्हे. एक लिटर अल्कोहोलामागें आठ ते पंधरा लिटर काळपट सांडपाणी निघतें. तें तसेंच नदींत गेलें तर पाण्यांतील ऑक्सिजन संपतो व मासे तडफडून मरतात. नीरा-भीमेच्या कांठच्या लोकांस हें विस्तारानें सांगावयास नको. या पाण्यापासून जंतूंकडूनच जळाऊ वायु करवून घेतां येतो व उरलेल्याचें खत होऊं शकतें. पण तें करण्याची निष्ठा मनुष्याचीच लागते. आणि ज्या एफेड्रिननें दमेकऱ्यास श्वास दिला, त्यापासून तरुणांचा नाश करणारें मादक द्रव्यहि होऊं शकतें; म्हणून सरकारनें त्याच्या विक्रीवर नियंत्रण ठेविलें आहे. विद्या हातांत शक्ति देते. ती कोठें लावावी हें ती सांगत नाहीं.

शेवटीं दोन शब्द पालकांस. अकरावीस प्रवेश घेतांना मुलास गणिताचा गट द्यावा कीं जीवशास्त्राचा, हा प्रश्न घेऊन पुष्कळ पालक आमच्याकडे येतात. पहिला इंजिनिअरचा व दुसरा डॉक्टरचा, अशी त्यांची समजूत असते, आणि एकदां गट ठरला कीं मुलगा दुसऱ्या विषयाचें पुस्तक उघडीतहि नाहीं. वर सांगितलेल्या प्रत्येक शोधाकडे पाहा. नॉइबर्ग यांस यीस्टचे व्यवहार आणि सल्फाइटचे गुण दोन्ही ठाऊक असावे लागले. एडिंबरोच्या मंडळींस १८७२ सालची क्रिया व अळिंबीचा जनुक दोन्ही जाणावे लागले. गट कोणताहि असो, रसायनशास्त्र घेणाऱ्यानें जीवशास्त्राचें व जीवशास्त्र घेणाऱ्यानें रसायनशास्त्राचें मूळ ज्ञान सोडूं नये. लोणी देवकर येथें औद्योगिक वसाहत आहे, आणि दोन्ही तालुक्यांत साखरेचे कारखाने आहेत. तेथें हमाली करणारे हात पुष्कळ मिळतील. भांड्यांत काय चाललें आहे हें समजणारीं माणसें थोडीं असतात. आपल्या मुलामुलींनीं त्या थोड्यांत असावें अशी आमची इच्छा आहे.

विद्यार्थ्यांनो, पुढच्या वेळीं मळीचा टँकर रस्त्यानें जाऊं लागला म्हणजे नाकास रुमाल लावण्यापूर्वीं क्षणभर विचार करा कीं, त्या काळ्या द्रवांत साखर किती असेल, यीस्ट तिचें काय करील, त्याचें एक दार बुजविलें तर पाणी कोणत्या सरींत वळेल, आणि जें मागें उरेल त्याची विल्हेवाट कोण लावील. या चार प्रश्नांचीं उत्तरें शोधीत जो पुढें जाईल, त्यास शिकण्यासारखें आयुष्यभर पुरेल.